लेकराची सुई घराने वाटून घ्यावी

लहान मुलाला साखरेचा आजार निघाला, की आपल्याकडे सगळ्यात आधी घरातल्यांचा आवाज खाली येतो. साठीतल्या अप्पांना शुगर निघाली तर ते पारावर बसून चार जणांना सांगतात. कोणती गोळी चालू आहे, उपाशीपोटी किती आली, जेवणानंतर किती आली, यावर गप्पा रंगतात. तोच शब्द नऊ वर्षांच्या नातीच्या बाबतीत उच्चारला गेला, की दार लोटून घेतलं जातं. पाहुण्यांना सांगितलं जातं, पोरीला अशक्तपणा आहे. शाळेत सांगितलं जातं, अधूनमधून ताप येतो. इन्शुलिनची कुपी फ्रिजमध्ये भाजीच्या पिशवीमागे सरकवली जाते. हे खान्देशातल्या पारोळ्यात होतं, अमळनेर-एरंडोलला होतं, धुळ्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतही होतं. या लपवालपवीविरुद्ध मला लिहायचं आहे. हा आजार सांभाळायला घरातले सगळे हात लागतात, आणि जी गोष्ट दडवून ठेवली तिच्या सांभाळाला हात येणार कुठून?

आधी आजाराची ओळख नीट करून घेऊ, कारण निम्मी लाज अज्ञानातून आलेली आहे. मुलांमधला मधुमेह बहुतेक वेळा टाइप वन प्रकारचा असतो. रोगांशी लढणारी शरीराची यंत्रणा काही मुलांमध्ये स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. इन्शुलिन संपलं की अन्नातली साखर रक्तात साचत राहते, पेशींच्या आत जात नाही. मूल पोटभर जेवतं आणि तरी उपाशी राहतं. अप्पांच्या मधुमेहाशी याचं नाव सारखं आहे, बाकी फारसं काही सारखं नाही. अप्पांच्या शरीरात इन्शुलिन असतं, पण ते पुरेसं काम करत नाही; म्हणून गोळ्या, चालणं आणि पथ्य यांवर त्यांचं बरीच वर्षं भागतं. या मुलाकडे ते जवळजवळ उरलेलंच नसतं. त्यामुळे ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, आणि जन्मभर. तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं, म्हणून सुई. टाइप वन गोड खाल्ल्याने होत नाही. आईने डोहाळ्यांत काय खाल्लं, कोणाची नजर लागली, घरात कोणाचं काय राहिलं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्या मुलाला लागत नाही. निदान झाल्यावर कितीतरी आया 'माझ्याच कुशीचा दोष' म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला कोसत राहतात. त्या मायबहिणींनो, तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

चुकतं ते निदान. मुलाला सारखी तहान लागते, तर आपण म्हणतो, खान्देशचा उन्हाळा आहे, पाणी पिणारच. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतं, आधी कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, तर त्याला रागावतो. वजन उतरतं, तर जंताचं औषध देतो. मग एक दिवस उलट्या सुरू होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालू लागतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. ही किटोॲसिडोसिसची अवस्था असते, आणि ती काही तासांत मुलाला बेशुद्धीत नेऊ शकते. अशा वेळी कोणी न्यूमोनिया समजतं, कोणी पोटाचा विकार समजतं, आणि साखर न तपासताच ग्लुकोजचं सलाईन लावलं जातं. बोटाच्या एका थेंबाने आणि एका पट्टीने ही चूक टळते. धापा टाकणाऱ्या, उलट्या करणाऱ्या, झपाट्याने बारीक झालेल्या प्रत्येक मुलाची साखर तिथल्या तिथे पाहायची, हा नियम गावोगावच्या डॉक्टरांनी स्वतःला घालून घ्यावा. डॉक्टर विसरले तर आई-बापाने ती तपासणी मागून घ्यावी. आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना ही चार लक्षणं पाठ असावीत: तहान, लघवी, थकवा, उतरलेलं वजन. पारोळ्याला कुटीर रुग्णालय आहे, पस्तीसेक किलोमीटरवर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसऱ्या बाजूला जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून सुरू आहे. पण पोहोचायला मुळात संशय तर आला पाहिजे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी संशय येऊनही उपयोग नव्हता. अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं, एवढाच इलाज तेव्हाच्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरांजवळ होता. त्याने मरण काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं लांबायचं. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई दिली गेली. पहिलं औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेलं औषध दिलं आणि मुलगा सावरला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी आपला हक्क एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकला, कारण हे औषध कोणाच्या खासगी मालकीचं असू नये असं त्यांना वाटत होतं. त्याच १९२२ मध्ये, उपासमारीच्या पथ्याने हाडांचा सापळा झालेल्या एलिझाबेथ ह्यूज या अमेरिकन मुलीला इन्शुलिन सुरू झालं. तिने पुढे लग्न केलं, तिला मुलं झाली, आणि ती १९८१ पर्यंत जगली. ही हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे. १९२२ च्या आधी अशा मुलाचा मृत्यू हे नशीब म्हणता येत होतं. त्यानंतर कोणी तसं म्हणत असेल, तर ते माणसांनी केलेल्या दुर्लक्षाला दिलेलं नाव आहे.

या दुर्लक्षाचा सगळ्यात फसवा प्रसंग निदानानंतर काही आठवड्यांनी येतो. इन्शुलिन सुरू झालं की शिल्लक राहिलेल्या थोड्या पेशींना उसंत मिळते आणि त्या काही काळ पुन्हा काम करू लागतात. इन्शुलिनची गरज एकदम कमी होते, कधी दोन-चार युनिटांवर येते. डॉक्टर या काळाला 'हनिमून' म्हणतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त तो टिकतो आणि मग संपतो. नेमक्या याच काळात घरी कोणीतरी येतं. अमुक गावच्या बाबाचा काढा, तमुक भगताचा अंगारा, नाहीतर कुठल्यातरी जाहिरातीतली पुडी घेऊन येतं. इकडे साखर खाली आलेलीच असते. घराला वाटतं, गुण आला. सुई बंद होते. आठवड्या-पंधरवड्याने तेच मूल धापा टाकत दवाखान्यात येतं, आणि प्रत्येक वेळी वेळेत येतंच असं नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हा आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. तरी भिंती रंगतात, मोबाइलवर चित्रफिती फिरतात. आई-बापांचा मोह मला समजतो. आपल्या लेकराला जन्मभर सुया टोचायच्या आहेत हे कोणत्या बापाला मान्य होईल? पण जो कोणी टाइप वनच्या मुलाची सुई बंद करा म्हणतो, तो वयाने कितीही मोठा असो, नात्याने कितीही जवळचा असो, त्याला दारातूनच परत पाठवलं पाहिजे. इथे भीड ठेवणं पाप आहे.

आता घराकडे वळू. हा आजार सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे ज्या घरात नाही त्यांना कळत नाही, आणि ज्या घरात आहे तिथेही अनेकदा एकाच माणसाला कळतं. सकाळी उठल्यावर बोट टोचून साखर पाहायची. नाश्त्याआधी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी लवकर काम करणारं इन्शुलिन, आणि दिवसातून एकदा किंवा दोनदा लांब चालणारं. साधं रेग्युलर इन्शुलिन असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. म्हणजे भाकरी कधी टाकायची याचाही हिशेब आला. आज मूल किती खाणार, किती खेळणार, आजारी तर नाही, यावर मात्रा बदलायची. पोटावर कालच्या जागी आज टोचायचं नाही, नाहीतर तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही. रात्री दोन-तीन वाजता उठून घाम फुटला आहे का ते पाहायचं. आजारपणात मूल जेवत नसलं तरी इन्शुलिन पूर्ण बंद करायचं नाही, ही तर अनेकांना उलटी वाटणारी गोष्ट, आणि तिच्याच अज्ञानाने मुलं दगावतात. हे सगळं बहुतेक घरांत एकटी आई करते. बाप औषधं आणून देतो, गाडीला किक मारून दवाखान्यात नेतो, आणि आपलं काम झालं असं समजतो. सुई हातात घ्यायची वेळ आली की म्हणतो, माझ्याने बघवत नाही. पाच एकर कापसाला पाठीवर पंप बांधून विषारी फवारा मारणाऱ्या, गाडीखाली चिरडलेलं बोट फडक्याने बांधून पुन्हा कामाला लागणाऱ्या या माणसाला चार मिलिमीटरची सुई बघवत नाही, हे मी मान्य करणार नाही. शिकायचं म्हटलं तर दोन दिवसांत शिकता येतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे भाकऱ्या थापून शेतात जाणाऱ्या आईचा विचार करा. दुपारची सुई कोण देणार? ती शेतातून चालत परत येते, किंवा ती सुई चुकते. घरात आजी असते, काका असतो, बारावीला गेलेला मोठा भाऊ असतो, पण 'ते तिचं काम' म्हणून कोणी शिकलेलं नसतं. मग आई आजारी पडली, माहेरी गेली, बाळंत झाली, की मुलाची साखर तीनशे-चारशेला जाऊन बसते. म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: ज्या घरात असं मूल आहे, त्या घरातल्या किमान तीन माणसांना साखर तपासता, इन्शुलिन भरता आणि टोचता आलं पाहिजे, आणि त्या तिघांत बाप असलाच पाहिजे.

शिकताना एक धोका लक्षात ठेवावा. आपल्याकडच्या कुप्यांमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट इन्शुलिन असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटांच्या कुपीची सिरिंज नारिंगी टोपीची. दुकानदाराने घाईत एकाऐवजी दुसरी दिली तर मात्रा अडीच पट चुकते, आणि त्यात मुलाचा जीव जाऊ शकतो. विकत घेताना कुपी आणि सिरिंज शेजारी धरून आकडा वाचा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ च्या वर जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी मातीचं लहान मडकं मोठ्या मडक्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी. चालू कुपी त्यात बऱ्यापैकी सुरक्षित राहते. फ्रिज असेल तर कुपी बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं समजावं.

जेवणाचा प्रश्न आला की आपली घरं दोन टोकांना जातात. एक तर मुलाला वेगळं ताट: बाकीच्यांना श्रीखंड-पुरी आणि त्याला कारल्याची भाजी, तेही सगळ्यांच्या समोर. नाहीतर आजी पदराआड पेढा देते, 'एकाने काय होतं' म्हणून. पहिल्यात मूल परकं होतं आणि दुसऱ्यात ते चोरी शिकतं. टाइप वनच्या मुलाला वाढायचं आहे, त्याला त्याच्या वयाच्या मुलाएवढंच अन्न लागतं. त्यासाठी खान्देशच्या स्वयंपाकात काही उसनं आणावं लागत नाही. कळण्याची भाकरी, दादरची भाकरी, तुरीची डाळ, मेथी, वांग्याचं भरीत, पातोडी, ताक, मूठभर शेंगदाणे, हे त्याच्या ताटात चालतं, आणि घरातल्या साठीच्या अप्पांना तर ते औषधासारखं आहे. भाकरी किती, भात किती हे रोज साधारण सारखं ठेवलं की इन्शुलिनची मात्रा बसते. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस घरात होणारच. त्या दिवशी मुलाला दुसऱ्या खोलीत बसवू नका. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, अर्धी पोळी आणि लहान वाटी रस यासाठी किती युनिट वाढवायचे. कानबाईच्या रोटांना, लग्नातल्या पंगतीलाही तोच नियम. मोजून, सांगून आणि इन्शुलिन घेऊन खाल्लेला घास आजार वाढवत नाही. न सांगता खाल्लेला वाढवतो. थंड पेयांच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे आणि फरसाण हे मात्र सगळ्याच घराने सोडलेलं बरं. एकट्या मुलासाठी ते बंद आणि भावंडांसाठी चालू, असं करून पथ्य टिकत नाही. उपवासाचंही सांगतो. वाढत्या वयाच्या इन्शुलिनवरच्या मुलीला नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरायला लावणारी देवी मला माहीत नाही. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट आहे. रमजानमध्येही आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. धर्माने दिलेली ही मोकळीक नातेवाइकांनी काढून घेऊ नये.

मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की खरी कसोटी सुरू होते. आतापर्यंत जमलेला हिशेब मोडतो, साखर कारणाशिवाय चढते. कारण असतंच. वयात येताना वाढीची संप्रेरकं जोरात काम करतात आणि ती इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. मात्रा वाढवावी लागते, कधीकधी बरीच. मुलींमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत साखर वरखाली होते. हे घराला माहीत नसतं, म्हणून घर चौकशी सुरू करतं. 'काय खाल्लंस? खरं सांग. टपरीवर गेला होतास ना?' एकदा, दोनदा, रोज. मग पोरगा काय करतो? वहीत खोटे आकडे लिहितो. १४०, १३०, १५०. वही सुंदर दिसते आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत ११ येतात. मग पुन्हा रागावणं, पुन्हा मारणंसुद्धा. काही मुली बारीक राहण्यासाठी इन्शुलिन चुकवतात, काही मुलं मित्रांसमोर सुई नको म्हणून. ही मुलं वाईट नसतात. त्यांना थकवा आलेला असतो. दिवसातून आठ वेळा स्वतःला टोचून घेणं, आणि त्याबद्दल शाबासकी कधीच नाही, फक्त झडती, हे मोठ्या माणसालाही झेपणार नाही.

साखरेचा आकडा हे प्रगतिपुस्तक नव्हे. आकडा आला की 'का आली' हा प्रश्न मागे ठेवून 'आता किती युनिट घ्यायचे' हा विचारा. २८० आली तर आवाज चढवू नका, मुलाजवळ बसा. ज्या घरात खरा आकडा सांगितल्यावर शिक्षा होत नाही, त्याच घरात खरा आकडा कळतो. दुसरी चूक याच्या उलट बाजूची आहे. दहावीत गेला, आता त्याचं तो बघेल, म्हणून काही घरं एकदम हात काढून घेतात. जबाबदारी हळूहळू द्यायची असते: आधी तपासणी त्याची आणि सुई तुमची, मग सुई त्याची आणि मोजमाप दोघांचं, मग सगळं त्याचं आणि रोज रात्रीची पाच मिनिटांची चौकशी तुमची. ती शेवटची पाच मिनिटं बरीच वर्षं सोडायची नाहीत. नेटाने सांभाळल्याचं फळ काय, हे १९९३ मध्ये सिद्ध झालं आहे. अमेरिका आणि कॅनडात टाइप वनच्या १,४४१ रुग्णांवर दहा वर्षं चाललेल्या अभ्यासात, ज्यांनी साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे निम्म्याने आणि मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी कमी झाला. त्यातले सगळ्यात लहान सहभागी १३ वर्षांचे होते.

मुलींबद्दल मात्र मला अधिक कठोर लिहावं लागेल. तंगी आली की मुलाची कुपी येते आणि मुलीची 'पुढच्या आठवड्यात' येते. मुलाला इन्शुलिनचं पेन, मुलीला जुनी सिरिंज. मुलाला नाशिक-पुण्याच्या तज्ज्ञाकडे, मुलीला 'इथलेच डॉक्टर चांगले आहेत'. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला आणि गरीब घरच्या टाइप वन मुलांना मोफत इन्शुलिन दिलं. मुलींच्या वाट्याला येणाऱ्या या दुर्लक्षाबद्दल त्या संस्थेने सातत्याने आवाज उठवला आहे. आणि लग्न! पोरीचा आजार लपवण्यामागे निम्म्याहून अधिक वेळा लग्नाचीच भीती असते. आठवीतल्या मुलीचं लग्न डोळ्यांसमोर ठेवून तिला वर्गात सुई लपवायला लावतात. ज्या भीतीपोटी मुली नाकारल्या जातात, तिची शहानिशा तरी करा. आईला टाइप वन असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, वडिलांना असेल तर शंभरात सहाच्या आसपास. म्हणजे संततीची काळजी करून नकार द्यायचाच असता, तर तो मुलाला द्यावा लागला असता! खरं तर कोणालाच द्यायचं कारण नाही. साखर आटोक्यात ठेवून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा स्त्रियांची बाळंतपणं सुखरूप होतात. लग्न ठरवताना आजार स्पष्ट सांगावा. तो ऐकून उठून जाणारं स्थळ गेलं तर पोरगी वाचली असं समजावं. लपवून दिलेल्या मुलीला सासरी न्हाणीघरात दार लावून सुई घ्यावी लागते, आणि ज्या दिवशी दार लावता येत नाही त्या दिवशी सुई चुकते. झाशीच्या नेवाळकरांचं गाव म्हणून पारोळ्याला अभिमान आहे, किल्ल्यापाशी उभं राहून आपण राणीचं नाव घेतो. तिच्या नावाचा मान राखायचा असेल तर या गावात कोणत्याही मुलीला आपलं औषध चोरून घ्यावं लागू नये.

मूल दिवसाचे सहा-सात तास शाळेत असतं, म्हणून शाळा या घराचाच भाग आहे. साखर ७० च्या खाली गेली की मुलाला घाम फुटतो, हात थरथरतात, ते चिडतं किंवा गप्प होतं, फळ्यावरचं समजेनासं होतं. गुरुजींना वाटतं लक्ष नाही. अशा वेळी लगेच तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून दवाखान्यात न्यायचं. एवढंच शिकायचं आहे. या मुलाला तासाच्या मध्ये पाणी प्यायला, लघवीला, डबा खायला अडवू नये. पोषण आहाराची खिचडी खाण्याआधी त्याला सुई घ्यायला स्वच्छ, उजेडाची जागा द्यावी. शौचालयात पाठवू नये. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाऊ आणि पाणी नेण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं, की अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळेत खाऊ द्यावं. ही पत्रं मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोहोचवण्याचं काम पालकांनी करावं. खेळातूनही मुलाला बाहेर बसवू नका. वसीम अक्रमला १९९७ मध्ये हाच मधुमेह निघाला, आणि त्यानंतर तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत वेगवान गोलंदाजी करत राहिला. पारोळ्यापासून जवळच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांची शुश्रूषा आईच्या मायेने करत होते. त्यांच्या परिसरातल्या शिक्षकांना साखरेची पुडी खिशात ठेवा असं मी सांगायला नको.

सरकारवरचा आक्षेपही नोंदवतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार टाइप वन असलेली वीस वर्षांखालची सर्वाधिक मुलं भारतात आहेत, सुमारे २ लाख २९ हजार. तपासणीची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते. दिवसाला चार म्हटलं तरी साठ-ऐंशी रुपये, रोज. शेतमजुराच्या घराला हे परवडत नाही, म्हणून तपासणी बंद पडते आणि इन्शुलिन अंदाजाने दिलं जातं. केरळ सरकारने 'मिठायी' योजनेतून मुलांना इन्शुलिन, पट्ट्या आणि गरजेनुसार इन्शुलिन पंपसुद्धा मोफत दिले. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. ज्या राज्यात, पालघरला, २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, तिथल्या प्रत्येक तालुका रुग्णालयात मुलांसाठी इन्शुलिन आणि पट्ट्या कायम असाव्यात, ही मागणी आमदारांकडे लेखी गेली पाहिजे. तोवर हातावर हात ठेवून बसू नये. छत्रपती संभाजीनगरची 'उडान' संस्था डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकाराने अशा मुलांना औषध, शिक्षण आणि एकमेकांची सोबत देते. एकटं पडलेल्या मुलाला सुई घेणारी दुसरी वीस मुलं दिसणं, हा मोठा दिलासा असतो. पारोळ्यात बालाजी महाराजांचा रथ ओढायला सगळं गाव एकत्र येतं. तेच गाव, त्याच पतसंस्था, तीच गणेश मंडळं तालुक्यातल्या अशा मुलांच्या वर्षभराच्या पट्ट्यांचा खर्च सहज उचलू शकतात. त्यासाठी फक्त ही मुलं कोण आहेत हे कळायला हवं, आणि ते कळण्यासाठी घरांनी बोलायला हवं.

१४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. इन्शुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक, बँटिंग, यांचा तो जन्मदिवस, म्हणून जगभर तोच मधुमेह दिन आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने त्या दिवशी एक तास या विषयाला द्यावा आणि शिक्षकांना साखर कमी झाल्यावर काय करायचं ते करून दाखवावं. आणि ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्या वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे: नोव्हेंबरची वाट पाहू नका. आज रात्रीची सुई तुम्ही द्या, आणि उद्या सकाळी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना आजाराचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगा.